के फ्रान्सिस, १९३२: तीन चोरप्रेमकथा, आधी कोणती पाहावी?

१९३२ मध्ये हॉलिवूड अभिनेत्री के फ्रान्सिसचे बरेच चित्रपट आले. त्यातल्या तीन चित्रपटांचा साचा वरवर एकच वाटतो: श्रीमंत, देखणी बाई आणि तिला भुरळ घालणारा गुन्हेगार. 'ज्वेल रॉबरी', 'वन वे पॅसेज' आणि 'ट्रबल इन पॅरडाइज'. तिन्ही पाहायला एकूण पावणेचार तासही लागत नाहीत. पण संध्याकाळ एकच मोकळी असेल तर निवड करावी लागते, आणि ती करताना एकच गोष्ट बघावी. समोरचा माणूस खरा कोण आहे, हे बाईला किती ठाऊक आहे?

'ज्वेल रॉबरी'त तिला पहिल्याच भेटीत सगळं ठाऊक होतं. व्हिएन्नातलं जवाहिऱ्याचं दुकान, कंटाळलेली बॅरोनेस टेरी (फ्रान्सिस), आणि भर दुकानात दरोडा घालायला आलेला विल्यम पॉवेल. त्याला चित्रपटभर नावच नाही. तो इतका अदबीने लुटतो की टेरीला लुटलं जाण्याचाच आनंद होतो. दुकानमालकाला तो गांजा भरलेली सिगारेट ओढायला देतो आणि मालक खिदळत बसतो. पडद्यावर काय दाखवावं याचे नियम, म्हणजे हॉलिवूडची आचारसंहिता, १९३४ च्या मध्यापासून कडक झाली, त्यानंतर असा प्रसंग पडद्यावर येणं शक्यच नव्हतं. दिग्दर्शक विल्यम डीटर्ले. कॅमेरा भरभर फिरतो, संवाद त्याहून भरभर. पण रहस्य नसल्यामुळे ताणही नाही. हा जेमतेम ७० मिनिटांचा हलकाफुलका खेळ आहे, त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये.

'ट्रबल इन पॅरडाइज'मध्ये तिला काहीच ठाऊक नसतं, आणि प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचची सगळी गंमत या फरकात आहे. पॅरिसमधली अत्तर कंपनीची मालकीण मारिएत कोले हिची हिरेजडित पर्स चोरीला जाते. चोर गॅस्टन (हर्बर्ट मार्शल) बक्षिसासाठी तीच पर्स परत आणून देतो आणि तिचा सेक्रेटरी होऊन बसतो. त्याची साथीदार लिली (मिरियम हॉपकिन्स) त्याच घरात टायपिस्ट म्हणून शिरते. मारिएत कशी आहे हे लुबिच एका खरेदीत सांगतो: तीन हजार फ्रँकची पर्स तिला महाग वाटते आणि सव्वा लाखाची ती लगेच घेते. मात्र हीच बाई मंदीच्या दिवसांत कामगारांचे पगार कापायला नकार देते. मूर्ख श्रीमंतीण रंगवणं सोपं होतं. फ्रान्सिसने तिला आळसावलेली, पण मनाने उदार ठेवलं आहे, म्हणून तिला लुटलं जाणार याची आपल्याला टोचणी लागते.

पहिल्यांदा पाहणाऱ्यांची एक अडचण सांगून ठेवतो. पहिला बराच भाग व्हेनिसमध्ये घडतो आणि त्यात फ्रान्सिस जवळपास दिसतच नाही. गॅस्टन आणि लिली जेवता जेवता एकमेकांचं पाकीट, पिन, घड्याळ लांबवतात, तो प्रसंग हॉपकिन्सचा आहे. श्रेयनामावलीतही हॉपकिन्स पहिली, फ्रान्सिस दुसरी. फ्रान्सिससाठीच बसलात तर थोडा धीर धरा. पुढे एक अख्खी संध्याकाळ लुबिच फक्त घड्याळांचे काटे आणि पात्रांचे आवाज यांवर काढतो. तिथे मोबाइलकडे पाहिलंत तर दोन पात्रांमधलं नातं कुठवर आलं तेच निसटतं. पलंगावर पडलेल्या दोन सावल्यांचंही तसंच. चोरांना शिक्षा न देणारा हा चित्रपट आचारसंहितेच्या काळात पडद्यावरून गायब झाला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्याची निवड झाली.

'वन वे पॅसेज'मध्ये दोघांनाही अर्धंच ठाऊक असतं. हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं जहाज. डॅन (पुन्हा पॉवेल) खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला, पोलीस त्याला फाशीसाठी परत नेतो आहे. जोन असाध्य आजाराने मरणाच्या दारात. दोघंही आपापलं सत्य लपवतात. कागदावर हे भयंकर रडकं वाटतं, पण दिग्दर्शक टे गार्नेटने अश्रूंना वावच दिलेला नाही. फ्रँक मॅकह्यूचा झिंगलेला पाकीटमार आणि अॅलीन मॅकमॅहनची बनावट काउंटेस सतत मधे हसवत राहतात. फ्रान्सिसचा उत्तम अभिनय इथे आहे. आवाज खाली, हालचाल कमी, आणि दुखणं फक्त डोळ्यांत. रॉबर्ट लॉर्डला या कथेसाठी ऑस्कर मिळालं. पॉवेल-फ्रान्सिस जोडीचा हा शेवटचा चित्रपट.

तर निवड अशी. चित्रपटकलेसाठी पाहणार असाल तर लुबिच, त्यात वाद नाही. फ्रान्सिस कोण होती हे समजून घ्यायचं असेल तर 'वन वे पॅसेज'. घरात जुन्या कृष्णधवल चित्रपटांना नाक मुरडणारं कुणी असेल तर त्याच्यासोबत 'ज्वेल रॉबरी'. तिन्ही पाहणार असाल तर 'वन वे पॅसेज' शेवटी ठेवा. त्याच्यानंतर लगेच विनोदी चित्रपट लावला तर दोन्हींचं नुकसान होतं.

पाहताना तीन गोष्टी सांभाळा. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, १.३७ ला १. टीव्हीवरची ताणून दाखवणारी सेटिंग बंद करा, नाहीतर मुळात उंच असलेली फ्रान्सिस बुटकी आणि रुंद दिसेल. इंग्रजी सबटायटल्स असलेली प्रत घ्या. तिचा 'र' 'व'कडे झुकतो आणि त्यात संवाद वेगाचे. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट चार टक्के वेगाने पळतो, त्यामुळे लुबिचची ८३ मिनिटं ८० च्या आसपास भरतात. ती कापलेली प्रत समजून परत करू नका.

'वन वे पॅसेज' आवडला तर १९४० चा 'टिल वी मीट अगेन' समोर येईलच. तीच कथा, जोनच्या भूमिकेत मर्ल ओबेरॉन, जी मुंबईत जन्मली आणि जवळजवळ आयुष्यभर आपला जन्म टास्मानियातला सांगत राहिली. मॅकह्यू दोन्हींत आहे. पण नवी आवृत्ती अर्ध्या तासाने लांबली, आणि मूळ चित्रपट जिथे नुसत्या नजरेवर भागवतो तिथे ही बोलत बसते. ओबेरॉनसाठी जरूर पाहा, फक्त आधी पाहू नका, शेवट फुटेल.