परक्या लायब्ररीतला बग: वाट पाहावी, पॅच लावावा की फोर्क करावा?

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगसाठी आम्ही दोघांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधून काटापट्टी (वजनाची पावती) छापताना पीडीएफ बनवणारी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून खुला ठेवलेला तयार कोड, जोडाक्षरे मोडत असे: ‘क्विंटल’मधला ‘क्’ हलन्तासह सुटा पडे आणि पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसे. ‘किलो’ लिहून सुटका नव्हती, कारण वेलांटी तिथेही आहेच. शिवाय शेतकऱ्याचे नावही तसेच मोडके छापले जाई आणि ते मला मुळीच मान्य नव्हते. हा बग आधीच कोणीतरी नोंदवलेला होता, पण मेंटेनरचे, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याचे, उत्तर आलेले नव्हते आणि दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागणार होत्या.

बग दिसण्यापुरता असेल आणि हंगाम दूर असेल, तर लायब्ररीचे आहे तेच व्हर्जन कायम ठेवून वाट पाहणे सर्वांत स्वस्त पडते. आपल्याच कोडमध्ये वळसा घालणे, म्हणजे आमच्या बाबतीत मजकूर चित्र म्हणून छापणे, एका जागेपुरते ठीक आहे. मात्र असे वळसे दहा ठिकाणी पसरले की मूळ बग सुटल्यावरही ते काढायला कोणी धजावत नाही.

खरी निवड पॅच आणि फोर्क यांत आहे. फोर्क केला, म्हणजे लायब्ररीची वेगळी प्रत काढून ती आपणच सांभाळायला घेतली, की पुढची प्रत्येक सुरक्षा-दुरुस्ती आपणच ओढून आणायची, आणि लायब्ररीला अपाची २.० हे ओपन सोर्स लायसन्स असेल तर बदललेल्या फाइलींवर तशी नोंदही करायची. दोन माणसांच्या चमूला हे ओझे पेलत नाही, म्हणून मूळ प्रकल्पच बंद पडला असेल तरच मी फोर्क करीन. पॅचमध्ये फक्त बदललेल्या ओळी आपल्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) राहतात आणि प्रत्येक इन्स्टॉलनंतर पुन्हा लागतात. डेबियन ही लिनक्स प्रणालीही पॅकेजमधले आपले बदल असेच वेगळ्या पॅचफाइलींत जपते. नव्या व्हर्जनमध्ये त्या ओळी बदलल्या असतील तर पॅच लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा फायदाच आहे, कारण बदल पुन्हा तपासण्याची वेळ आल्याचे तेव्हाच कळते.

सुरक्षेच्या बगला मात्र वाट पाहणे हा पर्यायच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली तेव्हा अनेकांनी तिच्या जार फाइलमधून (जावा कोडच्या गठ्ठ्यातून) त्रुटीशी संबंधित जेएनडीआय-लुकअप हा क्लासच काढून तात्पुरता बचाव केला, २.१५.० ही दुरुस्ती अपुरी ठरली आणि काही दिवसांतच २.१६.० आणावी लागली.

आम्ही पॅच लावला, ‘क्विंटल’ एवढा एकच शब्द छापणारे छोटे उदाहरण जोडून मूळ प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) पाठवली, आणि पॅचफाइलच्या वर इश्यूचा (बगच्या नोंदीचा) क्रमांक व तपासणीची तारीख लिहून ठेवली.