हॅव की हॅज?
आय, यू, वी, दे यांच्यानंतर ‘हॅव’. ही, शी, इट यांच्यानंतर ‘हॅज’. एवढं मुलांना पाठ असतं, तरी चुकतं. माझ्या मते दोष घोकंपट्टीचा नाही, मराठीच्या सवयीचा आहे. ‘तिला एक भाऊ आहे’, ‘तिला दोन भाऊ आहेत’: आपलं क्रियापद भाऊ मोजतं. म्हणून ‘शी हॅव टू ब्रदर्स’ लिहिलं जातं. इंग्रजीला भावांच्या संख्येशी देणंघेणं नाही. ती फक्त ‘शी’कडे बघते, म्हणून ‘शी हॅज टू ब्रदर्स’. आजोबांना आपण ‘ते’ म्हणतो, पण इंग्रजीत ‘ही हॅज’च. ‘यू’ मात्र एकट्या माणसालाही ‘हॅव’ घेतं. आणि ‘डज’ आलं की ‘हॅज’चं पुन्हा ‘हॅव’ होतं: ‘डज शी हॅव अ पेन?’