दहा महिने ओटीजी: भट्टीला पैकीच्या पैकी, टायमरला भोपळा

ओटीजी म्हणजे ओट्यावरची विजेची भट्टी. लिटर किती, वॅट किती, रोटिसरी (आतली फिरती सळई) आहे की नाही, हे खोक्यावर छापलेलं असतं आणि घेणाऱ्याने दुकानात जायच्या आधीच पाठ केलेलं असतं. त्यात जात नाही. माझा 28 लिटरचा, 1500 वॅटचा, गेल्या दिवाळीच्या तोंडावर घेतलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून चालू आहे.

घेतला तो नानकटाईसाठी. कोल्हापुरात दिवाळी आली की मैदा, पिठीसाखर आणि तूप (सासूबाईंच्या काळात डालडा) पिशवीत घालून बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि भाजून झाली की पत्र्याच्या डब्यात भरून आणायची. दोन-दोन तास जायचे, पण मला त्याचं काही वाटायचं नाही. त्या रांगेत दरवर्षी माझा एक दिवाळी अंक वाचून व्हायचा. परवाच्या वर्षी मात्र किलोमागे मजुरी वाढली आणि वर आमच्या साजूक तुपातल्या डब्यात कुणाच्या तरी डालड्याच्या नानकटाया मिसळून आल्या. घरी येऊन एक तोंडात टाकली, टाळूला पापुद्रा चिकटला, आणि त्याच रात्री ठरलं की आता भट्टी घरात.

डोक्यात चित्र असं होतं: ओट्यावर ओटीजी, शेजारी स्टूल, हातात अंक. आत नानकटाईला भेगा पडतायत, बाहेर मी कथेत. टिंग झालं की पान दुमडायचं आणि उठायचं.

पहिल्याच घाण्याला 170 वर 20 मिनिटं लावली. माझा वाचायचा वेग ठरलेला आहे, पानाला दोन मिनिटं (कविता असली तर कमी, कारण वगळते). सातव्या पानावर टिंग! उघडून बघते तर नानकटाया पांढऱ्याफटक. वाटलं, कथा रटाळ होती, मीच पानं उलटली असतील. दुसऱ्या घाण्याला मोबाईलवर वेळ धरली. टायमरची 20 मिनिटं म्हणजे साडेचौदा. 40 लावली तर 36. म्हणजे मोठा हप्ता घेतला तर कमी चोरतो, सुट्या पैशांत मात्र मारतो. रिक्षाचं मीटर पळावं तसा प्रकार.

माहितीपुस्तिका वाचली (मी तीही वाचते). पान 9 वर लिहिलंय की कमी वेळ लावायची असेल तर नॉब आधी पुढे फिरवून मग मागे हव्या त्या आकड्यावर आणा. तसं केल्यावर 20 ची 17 झाली. तेव्हापासून प्रत्येक घाण्याला मी साठपर्यंत जाऊन मागे यायचे.

तापमानाचंही सांगून टाकते. साखर 186 अंशांना वितळते, म्हणून फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवून पाव तास तापवलं. नॉब 175 वर असताना ती वितळून बसली. म्हणजे काटा दहा-बारा अंशांनी खोटा. त्याला माफ आहे. सगळं दहा अंश खाली लावते, विषय संपला. पण वेळ चोरणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

मे महिन्यात वळवाच्या पावसात केक आत असताना वीज गेली. हा टायमर स्प्रिंगवर चालतो, त्याला विजेचं काय! अंधारात टिकटिक चालूच, आणि कच्च्या केकवर अगदी वेळेवर टिंग. त्याच्या आयुष्यातली एवढीच वेळ बरोबर होती.

जूनमध्ये पाचाच्या आकड्यावर अडकला. हा अडकला की भट्टी बंद होत नाही, चालूच राहते. मी रहस्यकथेच्या शेवटच्या चार पानांत होते आणि कानाला टिंगची सवय लागलेली. बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "काय गं, करपलं की!" गव्हाच्या बिस्किटांचे कोळसे, आणि खुनी कोण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मग सर्व्हिस सेंटर. तक्रार क्रमांक लगेच मिळाला, "आज इंजिनिअर येतील" असं तीनदा ऐकलं, चौथ्यांदा एक पोरगा आला. पोरगा चांगला होता, दोन बिस्किटंही खाल्ली (नंतरच्या घाण्यातली). नॉब फिरवून म्हणाला, "काकू, तुम्ही हा उलटा फिरवत होता का? त्यानंच स्प्रिंग गेली. हे वॉरंटीत बसत नाही. व्हिजिटचे 450 द्या." मी पान 9 त्याच्यापुढे धरलं. त्याने ते दोनदा वाचलं, मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, "वरती पाठवतो." वर म्हणजे कुठे ते मला माहीत नाही, पण पान 9 अजून तिथेच आहे. 450 मी दिले नाहीत. जाता जाता म्हणाला, "स्टे-ऑनवर, म्हणजे टायमरशिवाय चालू ठेवा आणि मोबाईलवर टायमर लावा." ते मलाही सुचलं होतं. पण मोबाईल हातात घेतला की वाचन संपलं, पुतणीच्या बारशाचे 43 फोटो बघण्यात घाणा जातो. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, "टायमर कशाला लागतोय? वासावरनं कळतंय की." त्या बसल्या जागेवरून "काढ आता" म्हणतात आणि बरोबर निघतात. पण त्या दुपारी झोपतात.

जुलैत हा लेख लिहिला असता तर घेऊ नका म्हटलं असतं. मग श्रावणात माहेराहून, रत्नागिरीकडून आंबा घाट चढून, एसटीने एक जून तवसं (पिकलेली मोठी काकडी) आलं. आजी त्याचं धोंडस करायची: किसलेलं तवसं, भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं, पातेल्याला खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. गॅसवर खालून भाजतं, वरून घाम सुटतो, म्हणून लग्नानंतर मी नाद सोडला होता. ओटीजीत वरचा आणि खालचा असे दोन्ही तापणारे रॉड लावून 40 मिनिटं, मग खालचा बंद करून फक्त वरचा. काचेतून बघत बसले. वरची साय आधी तांबूस झाली, मग कडेने तपकिरी, आणि गुळाचा तो वास आला जो मी 30 वर्षांत घेतला नव्हता. थंड होईपर्यंत थांबायचं असतं, थांबले नाही. गरम तुकड्यावर लोण्याचा गोळा, तो कडेने ओघळतोय. अंक मिटलेलाच राहिला.

तासाला जेमतेम दीड युनिट. बिल 100 युनिटांच्या वर गेलं की दर चढतो, म्हणून महिन्याचे घाणे मी मोजून ठेवते, आठपर्यंत निभावतं. वरच्या रॉडसाठी हा घ्याच. टायमरसाठी घरात सासूबाई असाव्यात.

परवा कंपनीतून फोन आला. सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मी विचारलं, टायमरचं काय झालं? मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं प्रकरण आमच्याकडे बंद दाखवतंय."

म्हटलं, इथेही बंदच दाखवतोय. पाचावर.