ऑनलाइन लीव्ह अँड लायसन्स: सेवा चांगली, अकरा महिन्यांची सवय वाईट

“आम्हाला भाड्याचंच घर बरं” असं म्हणणारी माणसं खरंच असतात. नोकरीमुळे तीन-चार वर्षांनी शहर बदलणारी, गावी स्वतःचं घर असलेली, किंवा ऑफिसपासून वीस मिनिटांवर राहायचं आणि तिथलं घर विकत घेणं परवडत नाही असं ज्यांनी कागदावर मांडून पाहिलंय ती. त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्यात भाड्याची रक्कम फार खाली येते. वर असतात दर अकरा महिन्यांनी येणारा एजंटचा फोन, पुन्हा ब्रोकरेज, टेम्पो, आणि रंगाच्या नावाखाली कापलेलं डिपॉझिट. म्हणजे कंटाळा भाड्याचा नाही, अकरा महिन्यांचा आहे. गंमत अशी की महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन सेवा ६० महिन्यांपर्यंतचा लीव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) घेते. फारसं कुणी तो करत नाही, एवढंच.

आधी सेवेबद्दल. विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशनमध्ये लीव्ह अँड लायसन्स निवडायचं, जिल्हा निवडायचा, पासवर्ड ठेवायचा. टोकन नंबर मिळतो, तो लगेच लिहून ठेवा. अर्धवट भरलेला फॉर्म पुन्हा उघडायला तोच लागतो. मग मिळकतीचा तपशील (सर्व्हे किंवा सीटीएस म्हणजे नगर भूमापन क्रमांक, मजला, क्षेत्रफळ), मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार, भाडं, डिपॉझिट, मुदत आणि अटी. मुदतीत टप्प्याटप्प्याने भाडं वाढणार असेल तर प्रत्येक टप्प्याची रक्कम वेगळी भरता येते. मसुदा तयार झाला की मुद्रांक आणि नोंदणी फी ऑनलाइन भरायची. शेवटी प्रत्येकाचा वेबकॅमवर फोटो आणि आधारशी जुळणारा अंगठा. सगळं दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदवणारा सरकारी अधिकारी) जातं, मंजुरी आली की सूची क्रमांक २ (नोंदणीचा सारांश, म्हणजे इंडेक्स टू) सकट करार उतरवून घ्यायचा.

मालक नागपूरला आणि भाडेकरू पुण्यात असेल तर दोघांनी आपापल्या जागी अंगठा दिला तरी चालतं. ही या सेवेतली सर्वात कामाची गोष्ट. मालक परदेशात असेल आणि आधार नसेल तर मात्र हा रस्ता बंद. इथल्या नातेवाइकाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून ठेवा, नाहीतर दुय्यम निबंधक कार्यालयाची वारी आहेच.

अडतं कुठे? नव्वद टक्के वेळा अंगठ्यावर. ज्येष्ठांचे, धुणीभांडी किंवा शेतीकाम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहा. तरीही नाहीच जुळलं तर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करण्याला पर्याय नाही. साक्षीदारही आधारवालेच लागतात, त्यामुळे “खालचा वॉचमन सही करेल” हा जुना हिशेब इथे चालत नाही. ठसे घेण्याचं यंत्र एका कराराकरता विकत घेण्यात अर्थ नाही. अधिकृत सेवा देणारे घरी येऊन करून देतात. फक्त सरकारी फी आणि त्यांची मजुरी वेगवेगळी लिहून मागा, कारण “सगळं मिळून” असा आकडा सांगितला की आतलं काही कळत नाही. दुसरी अडचण चुकांची. सर्वे नंबर, फ्लॅट नंबर, आधारवरचं नाव हे अंगठा देण्याआधी मसुद्यात मालक आणि भाडेकरू दोघांनीही वाचा. एकदा नोंदला गेला की खाडाखोड नाही. चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो.

खर्च. मुद्रांक म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. हाताळणी शुल्क त्याव्यतिरिक्त. महिना २२,००० भाडं आणि ६६,००० डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांना मुद्रांक साधारण ६२० रुपये, अधिक फी १,०००. असे तीन करार म्हणजे ४,८६० रुपये. तोच एक ३३ महिन्यांचा करार केला तर मुद्रांक सुमारे १,८६० आणि फी एकदाच, म्हणजे २,८६०. दोन हजारांची बचत ही मोठी बाब नव्हे. पण मधली दोन ब्रोकरेजं, दोनदा अंगठे आणि “यंदा चार हजार वाढवा”ची दोन भांडणं वाचतात, ती मोठी.

मग अकराच का? भारतभर एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं बंधनकारक, म्हणून लोक अकरावर थांबले. महाराष्ट्रात या पळवाटेला अर्थच उरलेला नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदलेलाच हवा. जबाबदारी मालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंद नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. नोटरीकडून शिक्का मारून आणलेला कागद म्हणूनच मालकाच्याच अंगाशी येतो.

मालकांची खरी भीती जुनी आहे. १ फेब्रुवारी १९७३ या तारखेला लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचं संरक्षण दिलं, आणि त्यानंतर कित्येकांनी कुलूप लावून फ्लॅट रिकामे ठेवणं पसंत केलं. आजच्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ नेमकं उलटं आहे. मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट दराने नुकसानभरपाई, आणि दाद सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी नेमलेला अधिकारी). हे संरक्षण अकरा महिन्यांना जेवढं तेवढंच छत्तीस महिन्यांनाही. मालकाला हे समजावून सांगणारा सहसा कुणी नसतो. एजंटला सांगण्यात रस असण्याचं काही कारणही नाही.

आता लांब मुदतीच्या करारात काय लिहून घ्यायचं, कारण नुसता “३६ महिने” लिहून काही होत नाही. एक महिन्याच्या नोटिशीची अट दोन्हीकडून असेल तर तो करार प्रत्यक्षात एक महिन्याचाच. लॉक-इन (ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही) हवा, आणि तो मालकालाही बांधणारा हवा. बऱ्याच करारांत तो फक्त भाडेकरूला बांधतो, शांतपणे वाचा. वाढ दर बारा महिन्यांनी किती टक्के ते आकड्यात. डिपॉझिट परत कधी: चावी देताना, त्याच दिवशी, वीजबिलापुरती ठरावीक रक्कम मागे ठेवून. रंगाचे पैसे कापायचे असतील तर कमाल किती, आणि तीन वर्षं राहिल्यावर शून्य. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मालकाकडे, वीज आणि पाइप गॅस भाडेकरूकडे. पंखे, गिझर, ट्यूब, किचन ट्रॉली यांची संख्या करारातच. डिपॉझिटचा काही भाग रोखीत द्या आणि करारात कमी दाखवू असं कुणी म्हणालं तर उठून या. कागदावर नसलेली रक्कम परत मागायला कागद नसतो. “हेवी डिपॉझिट, भाडं नाही” या प्रकारात तर सगळा धोका भाडेकरूचा: मालकाने कर्जाचे हप्ते थकवले की बँक दारात, आणि तुमचे लाखो त्याच्याकडे.

एक मर्यादा मात्र कुठल्याही अटीने पूर्ण जात नाही. लीव्ह अँड लायसन्स हा जागेतला हक्क नव्हे, वापरण्याची परवानगी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार मालकाने जागा विकली तर नव्या मालकावर ती परवानगी बंधनकारक नसते. म्हणून विक्री झाल्यास तीन महिन्यांची नोटीस आणि दोन महिन्यांच्या भाड्याइतकी भरपाई जुन्या मालकाने द्यावी, असं लिहून घ्या. घर राहील याची हमी त्यातून येत नाही, हलण्याचा खर्च तेवढा निघतो.

आणि विकत घेण्याशी तुलना? वरचंच घर पुण्यात ८० लाखांचं धरा. १६ लाख हातचे, ७ टक्के मुद्रांकाचे ५ लाख ६० हजार, नोंदणी ३०,०००. उरलेल्या ६४ लाखांवर ८.५ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ५५,५०० रुपये. पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ४५,३३३, म्हणजे भाड्याच्या दुप्पट. पण भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तर विसाव्या वर्षी तेही ५५,६०० च्या घरात पोचतं, आणि तेव्हा घर विकत घेतलेल्याचा हप्ता संपत आलेला असतो. त्यामुळे हातातले २१ लाख ९० हजार आणि महिन्याचा ३३,५०० चा फरक सुरुवातीची वर्षं शिस्तीने गुंतवणाऱ्यालाच भाडं परवडतं. तो फरक गाडीच्या हप्त्यात गेला तर हिशेब फसला म्हणून समजा. निवृत्तीला दहा वर्षं उरलेल्यांनी या गणितावर विसंबू नये, कारण साठीपुढच्या भाडेकरूला घर देताना मालक जरा जास्तच विचार करतात.

करार हातात आला की दोन कामं उरतात. पोलिसांना भाडेकरूची माहिती, आणि सोसायटीला कराराच्या प्रतीसह पत्र. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सोसायटीला आगाऊ कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. “आधी एनओसी आणा” म्हणणाऱ्या सेक्रेटरींना हे सौम्यपणे दाखवावं. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने दिलं की सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश तसा आहे. हे शुल्क मालकाने भरायचं, आणि तेही करारात एका ओळीत लिहून टाका.