मागे एलईडी वॉल की पुढे जाळीचा पडदा?

गाण्याच्या कार्यक्रमात स्टेजवर चित्रं दाखवायला यातलं काय घ्यावं? एलईडीचं गणित सरळ आहे. 3.9 मिमी पिचच्या (दोन पिक्सेलमधलं अंतर) 500 बाय 500 मिमी पॅनलमध्ये 128 बाय 128 पिक्सेल बसतात. म्हणजे 10 बाय 5 मीटरच्या भिंतीला 200 पॅनल, रेझोल्यूशन 2560 बाय 1280. पहिली रांग चार मीटरच्या आत आली की ठिपके दिसतात. जल्लोषाच्या गाण्याला हिला तोड नाही. हळव्या गाण्यात मात्र तीच गायकाला गिळते, चेहरा काळा पडतो. ब्राइटनेस उतरवा, पण फार नको, गडद छटांत पट्टे उमटतात.

जाळीची, म्हणजे गायकापुढे टांगलेल्या विरळ विणीच्या कापडाची, बात वेगळी. समोरून उजेड पडला की ती भिंत होते. मागचा दिवा हळूहळू चढवला की विरघळते आणि इतका वेळ नुसता ऐकू येणारा गायक समोर उभा राहतो. हा क्षण एलईडीला जमत नाही. पण मेहनत फार. जाळीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर सरळ मारला तर ते आरपार जाऊन मागच्या पडद्यावर दुसऱ्यांदा उमटतं, म्हणून तो उंचावरून तिरपा लावायचा. गायकावरचे दिवे वरून किंवा बाजूने, जाळीला न शिवता. नाहीतर चित्र फिकं पडतं. खालच्या काठाच्या पाइपात वजन हवंच, एसीच्या झोतानेही पडदा हलतो. उघड्या मैदानात, वाऱ्यात? सरळ एलईडी घ्या.

दोन्ही हवेत? मग जाळीवर चित्र असेपर्यंत मागची वॉल पूर्ण काळी ठेवा.