केअरटेकर ब्युरोला महिन्याचे पैसे ॲडव्हान्स देताय? आधी हे वाचा

घरात म्हातारं माणूस अंथरुणाला आहे आणि ब्युरोकडून केअरटेकर घ्यायचं चाललंय, अशा सगळ्यांसाठी लिहितेय. जरा लांब झालंय पण वाचा.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. डिस्चार्जच्या वेळी सांगितलं की दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून फीडिंग, लघवीची पिशवी, सगळं आता घरी करायचं. आम्ही दोघंही नोकरीवाले आणि आईचे स्वतःचेच गुडघे गेलेले. त्या बिलाच्या, औषधांच्या गडबडीत वॉर्डातल्या एका मामांनी हातात कार्ड दिलं, ताई हे चांगला माणूस देतात, आजच फोन लावा. ही कार्डं काय फुकट वाटत नाहीत कोणी.

ब्युरोवाला फोनवर एकदम गोड. रजिस्ट्रेशन फी वेगळी, डिपॉझिट वेगळं आणि महिन्याचे पैसे आधी, तेही कोणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर, कारण काय तर कंपनीच्या अकाउंटचं काम चालू आहे. बिल महिनाअखेरीला. ट्रेनिंग घेतलेली सिस्टर देतो, पटली नाही तर फ्री रिप्लेसमेंट. आणि वर आईला सांगितलं की काळजी करू नका, बाबांचं सत्तरीवरचं आयुष्मान कार्ड काढा, त्यातनं हे सगळे पैसे परत मिळतात.

हे शेवटचं तर धडधडीत खोटं आहे. ७० वर्षांच्या वरच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर २०२४ पासून सुरू झालं हे बरोबर, पण ते ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी, आणि घरी सोडल्यावर १५ दिवसांपर्यंतची औषधं-तपासण्या धरतात. घरी ठेवलेल्या मावशींचा पगार त्यात कुठेच बसत नाही. साध्या मेडिक्लेमचंही तेच, घरचे उपचार म्हणून जे काही कव्हर असतं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या ट्रीटमेंटचं, अंघोळ घालणं, भरवणं, बाथरूमला नेणं याचे पैसे सहसा कोणी देत नाही. म्हणजे हा खर्च खिशातूनच जाणार हे धरून चाला आणि कोणी परत मिळतील म्हणालं की तिथेच फोन ठेवा.

आता रिप्लेसमेंटचा खेळ सांगते, खरी गंमत तिथे आहे. पहिली बाई आली, पांढरा कोट वगैरे, आणि बाबांना सपाट झोपवून नळीतून पेज सोडायला लागली. आई ओरडली म्हणून, नाहीतर फुफ्फुसात गेलं असतं. विचारलं तर बिचारी रडायला लागली, आधी धुणीभांडी करायची, ब्युरोने कोट देऊन पाठवलं. ब्युरोला फोन केला तर लगेच, हो हो ताई बदलून देतो. मग मधले दिवस कोणीच नाही, आणि त्या दिवसांचे पैसे कापायचं नाव नाही. नंतर आलेल्या मावशी मात्र खरंच चांगल्या होत्या, बाबांच्या पाठीला बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) व्हायला लागला होता तो त्यांनीच आधी बघितला. त्या पण थोड्याच दिवसात गेल्या. जाताना आईला म्हणाल्या, तुम्ही देता त्यातलं अर्धं पण मला मिळत नाही आणि मागच्या घरचा पगार अजून अडकवलाय. त्यानंतर एक ब्रदर आला, तो रात्री फोनवर आणि दिवसा झोपलेला. त्याला नको म्हटलं तर ब्युरोवाला म्हणतो तुमच्या रिप्लेसमेंट संपल्या, आता नवीन रजिस्ट्रेशन करा. कुठे लिहिलंय विचारलं तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, पैसे घेतल्यावर कितीतरी दिवसांनी, त्यात रिफंड नाही, रिप्लेसमेंट मोजक्याच, आणि आलेल्या माणसाला डायरेक्ट कामावर ठेवलं तर दंड. आमची सही कुठेच नाही!

म्हणजे बघा, माणूस टिकला तर ब्युरोला नुसतं कमिशन, पळाला तर परत रजिस्ट्रेशन फी. मग कशाला टिकवतील ते. म्हणून पहिल्याच दिवशी आलेल्या बाईंना शांतपणे विचारा, तुमच्या हातात किती पडतात आणि कधी पडतात. त्यांना वेळेवर मिळत नसतील तर त्या राहणार नाहीत, ब्युरो काही पण सांगो. आणि नर्स म्हणून पाठवत असतील तर जीएनएम किंवा एएनएमचं (हे नर्सिंगचे कोर्स) महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघायला मागा. नुसती देखभाल करणारी असेल तर ते नसणार, ठीक आहे, पण मग नर्सचे पैसे द्यायचे नाहीत.

पैशांच्या मागे लागलो ते असं. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोण आलं, कोण नाही आलं लिहून ठेवायची (तिची दूधवाल्यापासूनची सवय), ती पानं, चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या पावत्या सगळं एकत्र केलं. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, ते काही कोर्ट नाही, पण नोंद होते. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, ते नोटिशीत घातल्यावर ब्युरोवाल्या साहेबांचा आवाज जरा खाली आला. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करायची, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पैसे घेऊन कोणीच आलं नाही, फोन बंद, असं ऑनलाइन झालं असेल तर मात्र लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तिथे उशीर केला की पैसे दुसऱ्या खात्यांत पुढे सरकतात.

आता ज्या मावशी येतात त्या बाबांच्या फिजिओच्या ओळखीतून मिळाल्या. पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतलं, पैसे आठवड्याचे, झालेल्या कामाचे. हॉस्पिटलच्या सोशल वर्कर मॅडमना विचारा, जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात विचारा, तिथे कोणाकडे कोण टिकलंय हे बरोबर माहीत असतं. १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट, तिथूनही माहिती देतात.

डिपॉझिट परत आलं, रजिस्ट्रेशन फी नाही आली, उरलेल्या पैशांचं आयोगात चालू आहे. नोटिशीचा मसुदा कोणाला हवा असेल तर सांगा, आमची नावं काढून देते.