ओव्हनचा बिघाड शोधायला मल्टिमीटर की मेगर?
ओव्हन घरीच तपासायचाय, पण मल्टिमीटर (रोध, व्होल्ट मोजणारा) घ्यावा की मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारा), असा प्रश्न एका मैत्रिणीला पडलाय. कोणतंही घ्या, आधी प्लग काढायचा आणि एलिमेंटच्या, म्हणजे ओव्हन तापवणाऱ्या नळीच्या, वायरी सोडवायच्या. यात सूट नाही.

ओव्हन तापतच नसेल तर मल्टिमीटर पुरतो. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 2000 वॉटच्या एलिमेंटचा रोध साधारण 26 ओहम यायला हवा. काहीच जोड दिसला नाही, तर आतली तार तुटलेली आहे.

आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ट्रिप होत असेल तर मात्र प्रकरण वेगळं. एलिमेंटच्या नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल शोषते आणि करंट अर्थिंगकडे गळू लागतो. मल्टिमीटर अगदी कमी व्होल्टवर मोजतो, त्यामुळे ही गळती त्याला अनेकदा दिसतच नाही. मेगर 500 व्होल्ट देऊन ती पकडतो. मात्र त्याने इलेक्ट्रॉनिक बोर्ड खराब होऊ शकतो, म्हणून बोर्ड आधी वेगळा करावा. चाचणी चालू असताना टोकांना हात लावू नये.

किमतीत मल्टिमीटर केव्हाही स्वस्त, शिवाय घरातल्या इतर कामांनाही येतो.

तेव्हा न तापणाऱ्या ओव्हनसाठी मल्टिमीटर घ्या. सारखा ट्रिप होत असेल तर मेगर असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा. मेगर विकत घेणं नेहमी दुरुस्ती करणाऱ्यालाच परवडतं.